पंख राहू द्या, पोट पाहा

पाऊस सुरू झाला की माझ्या टपालात अळ्या येऊ लागतात. म्हणजे अळ्यांबद्दलची पत्रं. (एकदा खरी अळीही आली होती, औषधाच्या डबीत. पोचेपर्यंत तिचा कोष झाला होता.) या वेळच्या गठ्ठ्यात आठ पत्रं एकाच फुलपाखराची निघाली, आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्यांपैकी एखाददुसरा सोडला तर कुणाला त्याचा पत्ता नाही. एकाला ते काळं दिसलं, दुसऱ्याला लाल ठिपक्यांचं, तिसरीला ती पक्ष्याची शीट वाटली. म्हणून हे सगळं सदर त्या एकट्याला देऊन टाकते.

इंग्रजीत त्याला कॉमन मॉरमॉन म्हणतात, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटेस. माझ्या वहीत मात्र मी ‘बहुरूपी’ असं लिहिते. का, ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : आमच्या कढीपत्त्याभोवती एक काळं फुलपाखरू घिरट्या घालतं. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आहे. परवा ते एका वेगळ्याच फुलपाखरामागे लागलं होतं. त्याच्या मागच्या पंखांवर मोठा पांढरा डाग आणि कडेला लाल ठिपके होते. दुपारी दोघं एकमेकांना जोडून बसलेली दिसली. दोन निराळ्या जातींची जोडी जमते का?

जोडी एकाच जातीची आहे. तुम्ही पाहिलंत ते नवराबायकोच. फक्त बायकोने वेष दुसरीचा घेतलाय.

ठिपक्यांच्या ओळीचा तो नर. बहुरूप्याचे सगळे नर असेच दिसतात, त्यांच्यात सोंग नाही. माद्या मात्र आपल्याकडे तीन तऱ्हेच्या. पहिली जवळजवळ नरासारखी, फक्त मागच्या पंखाच्या कडेला लाल चंद्रकोरी ठळक. दुसरी तुम्ही पाहिलीत ती. ती ‘कॉमन रोझ’ नावाच्या फुलपाखराची नक्कल करते. आणि तिसरी ‘क्रिमझन रोझ’ची, पुढच्या पंखावर पांढरे पट्टे आणि मागच्यावर लाल ठिपके.

ही दोन्ही रोझ फुलपाखरं विषारी. त्यांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलावर वाढतात, त्या वेलातलं विष अंगात साठवतात आणि ते फुलपाखरातही उतरतं. एकदा चोच मारलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. रोझला हे ठाऊक असल्यासारखी ती उडतेही अगदी सावकाश, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. बहुरूप्याच्या अंगात असलं काही विष नाही. त्याची मादी नुसते कपडे उसने घेते, आणि चालही. निवांत असताना ती रोझसारखीच संथ तरंगते. पण तिला जरा दचकवा, की सोंग गळून पडतं आणि अस्सल मॉरमॉनसारखी वेडीवाकडी झपाट्याने पळते.

आता कबुली देते. मी सत्तावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर फुलपाखरांची वही घातली, आणि पहिले दोन पावसाळे त्या वहीत ऐटीत ‘कॉमन रोझ, 1 मादी’, ‘कॉमन रोझ, 2’ अशा नोंदी करत राहिले. तिसऱ्या वर्षी जुलैत एक ‘रोझ’ माझ्या समोर कुंडीतल्या कढीपत्त्यावर उतरली, पुढच्या पायांनी पानावर टकटक केलं, पोट वाकवलं आणि अंडं घातलं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. रोझची अळी कढीपत्ता खातच नाही! आपल्या पोरांना जे पचत नाही त्यावर कुठलीही फुलपाखरू-आई अंडं घालत नाही. ते टकटक करणं म्हणजे चव घेणंच असतं. तिच्या पायांना चव कळते. ती पानाला ओळखत होती, मी तिला ओळखत नव्हते.

त्या दिवसापासून मी पंख शेवटी पाहते. आधी पाहते पोट आणि डोकं. अस्सल रोझचं अंग लाल असतं, कुंकू सांडल्यासारखं. बहुरूपी मादीचं अंग काळं. पंखांची नक्कल इतकी हुबेहूब असूनही अंगाचा रंग काही तिला जमलेला नाही. तुमच्याकडे फोटो असेल तर मोठा करून पाहा, पोट काळंच निघेल.

नावाबद्दल एक आगाऊपणा करते. मॉरमॉन हा अमेरिकेतला एक पंथ, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात एकाहून अधिक बायका करण्याची रीत होती. एका नराला तीन तऱ्हेच्या ‘बायका’ पाहून कुणा इंग्रज साहेबाला विनोद सुचला आणि तो कायमचा चिकटला. मला तो फारसा आवडत नाही. ज्यांनी सोंग घेण्याची सगळी कला दाखवली त्या माद्या, आणि नाव नराच्या संसारावरून!

प्रश्न : या फुलपाखराचा एकही फोटो नीट येत नाही. फुलावर बसलं तरी पंख हलतच असतात. कॅमेरा बदलावा का?

कॅमेऱ्याचा दोष नाही. मध पितानाही ते पुढचे पंख फडफडवतच राहतं, पूर्ण वजन फुलावर टाकत नाही. सकाळी लवकर, ते पंख पसरून ऊन घेत असतं तेव्हा गाठा. किंवा ओल्या मातीवर. तिथे नर सोंड टेकवून बराच वेळ बसतात, मातीतलं मीठ शोषायला, आणि तेव्हा त्यांना भानही नसतं. मी एकदा हातभर अंतरावरून काढलाय.

प्रश्न : लिंबाच्या रोपावर पानापानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसते. पुसायला गेले तर ती हलली! पानं कुरतडलेली आहेत. काय फवारू?

आणि याच रोपाबद्दल त्याच घरातून दुसरंही पत्र आलंय, वेगळ्या अक्षरात:

प्रश्न : आमच्या नातवाने लिंबावरच्या हिरव्या अळीला काडी लावली तर तिने डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढली आणि घाण वास आला. चावेल का? विषारी आहे का?

आजी आणि आजोबा एकमेकांना विचारत नाहीत असं दिसतंय. तुम्हा दोघांना दिसतेय ती एकच अळी, वेगवेगळ्या वयातली.

अंड्यापासून सुरू करते. मादी कोवळ्या पानावर एकेकच अंडं घालते, ढीग नाही. मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं, गोल. माझ्याकडे बहुतेक अंडी चौथ्या दिवशी फुटली. बाहेर येणारी अळी पहिलं जेवण स्वतःच्या अंड्याच्या टरफलाचं करते. मग पान. मोठी होताना ती चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या अंगावर एकूण पाच कपडे चढतात. पहिले चार शिटेचे: काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, आणि ओलसर चमक. पानाच्या वरच्या बाजूला, अगदी उघड्यावर ती बसते, कारण शीट कोण खाणार? मला विचाराल तर अख्ख्या प्रकारात इतका धीट वेष दुसरा नाही. मोठेपणी रोझचा, लहानपणी शिटेचा. म्हणून तर बहुरूपी.

चौथी कात टाकली की अळी हिरवीगार होते. बहुधा शीट म्हणून खपायला आता ती फार मोठी झालेली असते. अंगावर तिरपे तपकिरी-पांढरे पट्टे येतात, आणि खांद्यासारख्या फुगीर भागावर दोन डोळे. ते डोळे खोटे. खरं डोकं खाली, पुढच्या टोकाला, लहानसं लपलेलं असतं.

नातवाने पाहिलेली शिंगं म्हणजे एक मऊ, दोन फाट्यांची ग्रंथी. एरवी ती डोक्यामागे आत दडलेली असते. अळी चिडली की अंगातल्या द्रवाच्या दाबाने बाहेर ढकलली जाते, हातमोज्याचं बोट उलटं करावं तशी. वासाचं कामही वयाप्रमाणे बदलतं. लहान अळीच्या ग्रंथीत मुख्यतः झाडांच्या सुवासिक तेलांच्या जातीची द्रव्यं असतात, शेवटच्या कातीतल्या हिरव्या अळीत मात्र आंबूस, कुजकट आम्लं. मुंग्यांना ती सोसत नाहीत. माणसाला चावणं, डसणं यातलं काहीही नाही. फक्त हात धुवायला सांगा, नाहीतर जेवताना तोच वास येईल. आणि काडी लावणं एकदाच पुरे. प्रत्येक वेळी ते द्रव्य अळीलाच बनवावं लागतं, आणि पोटात जे असतं त्यातूनच.

फवारणीबद्दल: रोप गुडघ्याएवढं असेल तर दोन-तीन हिरव्या अळ्या चार दिवसांत त्याच्या काड्या करतील, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी विष कशाला? डोळ्यांना दिसणारी, पळून न जाणारी, न चावणारी कीड आहे ही. हाताने उचला आणि मोठ्या झाडावर सोडा: लिंबू, पपनस, बेल, कढीपत्ता, काहीही चालतं, सगळी एकाच कुळातली. डोक्यापेक्षा उंच झाडाला या अळ्यांनी फरक पडत नाही. एक सूचना मात्र देते. रोपवाटिकेतून नुकतंच आणलेलं रोप असेल तर त्यावर अळ्या सोडू नका. मी सोडल्या होत्या, सहा. तिसऱ्या दिवशी सहाही पानांखाली काळ्या होऊन पडल्या होत्या. रोपाला आधीच औषध पाजलेलं होतं.

प्रश्न : तुमचं जुनं सदर वाचून एक शंका. विषारी जातीसारखं दिसण्याचा एवढा फायदा असेल तर सगळ्याच माद्या तशा का नाहीत? आणि नरांनी काय पाप केलं? (मी निवृत्त डॉक्टर आहे, उत्तर सोपं करून देऊ नका.)

डॉक्टरसाहेब, उत्तर सोपं नाहीच, आणि शेवटी ते तुमच्याच व्यवसायात येऊन थांबतं.

हेन्री बेट्सने 1862मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून ही नकलेची कल्पना मांडली. बिनविषारी जात विषारी जातीसारखी दिसते आणि वाचते. 1865मध्ये त्याचा मित्र आल्फ्रेड वॉलेस याने आग्नेय आशियातल्या पॅपिलिओंवर लिहिताना दाखवलं, की एकाच जातीच्या माद्या अनेक रूपांच्या असू शकतात. आधीच्या लोकांनी आपल्या बहुरूप्याच्या माद्यांना चक्क वेगळ्या जाती समजून वेगळी नावं दिली होती. (माझ्या वहीतल्या चुकीला एवढी मोठी परंपरा आहे हे कळल्यावर मला बरंच बरं वाटलं.)

सगळ्याच माद्या नकली झाल्या तर काय होईल? सोंग चालतं ते खऱ्यांची संख्या भरपूर असेपर्यंतच. पक्ष्याला पाच रोझांमध्ये एक नकली मिळाली तर तो पाचही सोडून देईल. पाचांत चार नकली आणि चविष्ट निघाल्या, तर तो शहाणा होईल आणि मग खऱ्या रोझचेही हाल. म्हणजे सोंग जितकं दुर्मीळ तितकं भारी. दोन वेगळ्या जातींची सोंगं वाटून घेतली तर प्रत्येक सोंग विरळ राहतं, आणि काही माद्या साध्याच राहिल्या तरी चालतं. याला भूगोलाचीही साक्ष आहे. क्रिमझन रोझ मुख्यतः भारत आणि श्रीलंकेत, आणि तिची नक्कल करणारी मादीही याच भागात. ज्या पूर्वेकडच्या देशांत क्रिमझन रोझ नाही, तिथे बहुरूपी आहे पण ते सोंग नाही. नाटक बघायला प्रेक्षक लागतो, आणि त्याने मूळ पात्र पाहिलेलं असावं लागतं.

नरांचं असं, की मादी अंड्यांच्या ओझ्याने जड असते, पानापानाशी थांबत हळू उडते आणि सहज सापडते. तिला संरक्षणाची गरज अधिक. नराला उलट आपल्या जातीच्या मादीने आणि दुसऱ्या नरांनी ओळखणं आवश्यक. वेष बदलला तर ओळख जाते. अभ्यासक मुख्यतः याच दोन कारणांकडे बोट दाखवतात.

आता हे सगळं शरीरात लिहिलेलं कुठे असतं? आकार, रंग, डाग, सगळं एकत्र बदलतं, अर्धं सोंग कधी निघत नाही. म्हणून फार वर्षं समज होता की शेजारी शेजारी चिकटून असलेल्या अनेक जनुकांचा हा जुडगा असणार. 2014मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की बहुरूप्यात ते काम मुख्यतः एकच जनुक करतं, डबलसेक्स. हे तेच जनुक, जे कीटकांत नर-मादी यांचं शरीर वेगळं घडवतं. त्याच्या एका आवृत्तीत गुणसूत्राचा तो तुकडा उलटा बसलेला आहे, त्यामुळे त्या भागाची सरमिसळ होत नाही आणि सोंग अख्खंच्या अख्खं पुढच्या पिढीत जातं. नर आणि मादी ठरवणाऱ्या जनुकानेच मादीला वेगळा वेष दिला, मग तो फक्त मादीतच दिसावा यात नवल कसलं.

आणि तुमचा व्यवसाय. या फुलपाखराच्या माद्यांची आनुवंशिकता कित्येक पिढ्या वाढवून तपासली ती सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी. त्यांचा निबंध 1972चा. हे क्लार्क पेशाने डॉक्टर, लिव्हरपूलचे. फुलपाखरांची जोडी आपसूक जमत नसे तेव्हा हे गृहस्थ नर-मादी दोन हातांत धरून जोडी जमवत. पॅपिलिओंच्या रंगांचा वारसा आणि माणसाच्या रक्तगटांचा वारसा यांतलं साम्य त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं, त्यातून ते आरएच रक्तगटाकडे वळले, आणि आईचा गट निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असताना जे अँटी-डी इंजेक्शन देतात ते घडवण्यात त्यांच्या गटाचा मोठा वाटा. तुम्ही आयुष्यात ते किती जणींना दिलं असेल! त्याच्या मागे कुठेतरी आमचं फुलपाखरू बसलेलं आहे.

प्रश्न : मुलीने अळी वाढवली. कोष झाला. रोज ती त्याच्याशी बोलायची. बाराव्या दिवशी कोषाला बारीक भोक पडलं आणि फुलपाखराऐवजी साठेक चिमुकल्या माश्या निघाल्या. ती दोन दिवस जेवली नाही. आमचं काय चुकलं?

काहीही चुकलं नाही. आधी मुलीला एवढं सांगा.

त्या माश्या नव्हेत, गांधीलमाशीच्या दूरच्या, अतिशय लहान नातेवाईक आहेत. टेरोमॅलस नावाचा त्यांचा एक गट कोषांवरच जगतो. कोष होताना काय घडतं ते मुलीने पाहिलंच असेल: अळी खाणं थांबवते, पोट रिकामं करते (ती पातळ विष्ठा पाहून बरेच जण आजारी समजून फेकून देतात), काही तास अस्वस्थ फिरते, मग एका काडीवर रेशमाची गादी विणते, शेपटीकडचं टोक त्यात रुतवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक दोरा घालून मागे रेलते. झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर बांधून रेलतो ना, तशी. साधारण एक दिवसाने कात सोलली जाते आणि आत कोष दिसतो, तो पहिले काही तास मऊ असतो. ती चिमुकली गांधीलमाशी आधीपासून अळीजवळ येऊन ताटकळत बसलेली असते. कात उतरली, कोष मऊ आहे, तेवढ्यात ती आत अंडी टोचते. मग कोषाचं कवच कडक होतं आणि आत फुलपाखराच्या जागी दुसरंच कुटुंब वाढतं.

पुढच्या वेळी अळी फिरायला लागली, की तिला मच्छरदाणीच्या नव्हे, त्याहून बारीक विणीच्या कापडाने झाकलेल्या खोक्यात ठेवा. मच्छरदाणीच्या भोकातून ही बया आरामात जाते. माझा अनुभव आहे, एकदाच नव्हे. आत एक उभी काडी द्या. हिरव्या देठावर कोष हिरवा होतो, वाळक्या काडीवर तपकिरी. मुलीला दोन्ही करून पाहू द्या. जिवंत कोष हलक्या स्पर्शाने कुशीवर हलतो. आठ ते बारा दिवसांत तो काळपट होतो, पंखांचे ठिपके कवचातून दिसायला लागतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवा तिला. बाहेर येतं तेव्हा पंख ओल्या चिंधीसारखे चुरगळलेले असतात आणि सोंडेचे दोन अर्धे वेगळे. ते दोन्ही जोडून फुलपाखरू एक नळी करत बसतं. खाली लालसर थेंब पडतात. रक्त नाही ते, कोषातला साठलेला मळ. घाबरू नये म्हणून आधीच सांगते. मदत मात्र करू नका. पंख हाताने उलगडायला गेलात तर ते कायमचे वाकडे राहतील.

आणि त्या साठ जणींनाही खिडकीतून सोडून दिलंत ना? त्या माणसाला चावत नाहीत.

प्रश्न : आपलं राज्य फुलपाखरू हेच का?

नव्हे. 2015मध्ये महाराष्ट्राने ज्याला तो मान दिला ते ब्लू मॉरमॉन, नीलवंत. आपल्या बहुरूप्याचा मोठा चुलतभाऊ. पंखांचा पसारा बारा-पंधरा सेंटिमीटर, मागच्या पंखांवर निळाई, आणि शेपटी नाही. अळी त्याचीही लिंबाच्या कुळावर वाढते. सोंगाच्या बाबतीत मात्र साधा माणूस.

प्रश्न : (सातवीतल्या मुलाचं पोस्टकार्ड) तुम्ही तीन रूपं म्हणता. तिसरं तुम्ही स्वतः पाहिलंय का, की नुसतं वाचलंय?

बरोबर विचारलंस. माझ्या वहीत ‘क्रिमझन रोझ’ अशा अकरा नोंदी आहेत. त्यांतल्या तीन नोंदींसमोर मी नंतर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय, कारण त्या वेळी पोट पाहिलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टमध्ये एक आली, बेलाच्या रोपावर. पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागे लाल ठिपके, जरा फिकट. या वेळी मी आधी पोट पाहिलं. काळं. तिने दोन अंडी घातली. एक मुंग्यांनी नेलं. दुसऱ्याची अळी मी वाढवली, बारीक कापडाच्या खोक्यात, वाळक्या काडीवर तपकिरी कोष. दहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला खुर्ची टाकून समोर बसले. मला आईसारखी मुलगी हवी होती.

नर निघाला. काळा, ठिपक्यांची ओळ, बाकी काही नाही. आईचं सोंग त्याच्या अंगात असलंच तर कुठेतरी आत, न दिसणारं. दोन तास पंख वाळवले आणि कढीपत्त्यावरून निघून गेला.